डावखुऱ्या बेसची जाहिरात

आमच्या मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही, आणि हे मी कौतुकाने सांगत नाहीये. दारापासून खिडकीपर्यंत नुसते ॲम्प रचलेत. गिटारचा आवाज मोठा करणारी ती खोकी हो, जुनी, लाकडी, उचलायला गेलं की कमरेत उसण भरते. कुणाचं पुढचं कापड फाटलंय, कुणाचे नॉब गेलेत, कुणाच्या पोटात उंदरांनी संसार मांडलाय. भिंतीला माना मोडलेल्या गिटारी टेकून उभ्या. केर काढायचा म्हटला की मला आधी हमाली करावी लागते.

हा सगळा दादाचा पसारा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याने लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, म्हणून आई-बाबा गेल्यावर आम्ही दोघंच ह्या घरात उरलो. पुढच्या खोलीत माझं शिवणकाम चालतं. नवं शिवायला हल्ली कुणी येत नाही. लांडं करा, ढिलं करा, चेन बदला, एवढंच. मागच्या खोलीत दादा लोकांचे मेलेले ॲम्प जिवंत करत बसतो आणि शनिवारी संध्याकाळी एका हॉटेलात जेवणाऱ्यांसमोर बेस गिटार वाजवतो. जेवणारे ऐकतात की नाही, देव जाणे. त्याच्याबरोबरचे दोघे आता जिना चढताना मध्ये बसतात. आम्ही सगळेच थकलोत. माझे डोळे सुईत दोरा घालताना दगा देतात आणि दादाची बोटं सकाळी गरम पाण्यात बुडवल्याशिवाय उघडत नाहीत.

ॲम्पांच्या त्या गर्दीत एकच खोकं दादाचं स्वतःचं आहे. त्याला आम्ही थोरला म्हणतो. आत काचेचे व्हॉल्व्ह आहेत. चालू केला की आधी काहीच होत नाही, मग हळूहळू ते लाल होतात, तापलेल्या धुळीचा वास सुटतो आणि खोली उबदार होते. थंडीत मी माझी खुर्ची त्याच्या मागे सरकवून पाय शेकते. दादा ओरडतो, "सुईबाई, तो हीटर नाहीये!" पण बंद करत नाही. हॉटेलचा मालक ह्या म्हाताऱ्यांना अजून ठेवून घेतो तो थोरल्याच्या आवाजासाठी. असा पोटात घुमणारा आवाज नव्या डब्यांतून निघत नाही, असं त्याचं म्हणणं. मला त्यातलं काडीचं कळत नाही. एवढं कळतं, की थोरला गेला तर दादाचा शनिवारही गेला, आणि शनिवार गेला तर दादा उरलेले सहा दिवस कशासाठी उठेल, हे मला सांगता येणार नाही.

आणि थोरल्याच्या वर, भिंतीवर, काचेच्या चौकटीत ती जाहिरात.

तिची गोष्ट सांगायची तर बाबांपासून सांगावं लागेल. दादा जन्माचा डावखुरा. बाबांना ते मुळीच खपायचं नाही. बाबा छापखान्यात होते. फोटोंच्या निगेटिव्ह काचेच्या टेबलावर मांडून त्यांच्या प्लेटा करायचे. माणूस शिस्तीचा, कमी बोलणारा, आणि हाताने फटकन देणारा. जेवताना दादाचा डावा हात पुढे आला की पट्टी बसायची. लिहिताना बसायची. दात घासतानासुद्धा बसायची. एरवी बाबांचा राग छापखान्यातल्या लोकांवर असायचा. कुणीतरी निगेटिव्ह उलटी लावली आणि पुढाऱ्याचा भांग भलत्याच बाजूला छापला गेला, की त्या दिवशी त्यांना घास गोड लागायचा नाही. "डोळे आहेत की बटणं!" असं ते भाताच्या ताटाकडे बघून म्हणायचे, आणि आम्ही खाली मान घालून हसू दाबायचो.

दादाला बेसचं वेड लागलं तेव्हा तो मिसरूड फुटायच्या वयात होता. गल्लीच्या टोकाला एक वाजवणारा राहायचा, तो दुपारी त्याची बेस दादाला हाताळू द्यायचा. दादाने ती पहिल्यांदा घेतली तीच उलटी. वाजवणारा म्हणाला, "अरे बाबा, ही उजव्यांसाठी असते." शिकवणाऱ्या मास्तरांनीही तेच सांगितलं, आणि घरी कळल्यावर बाबांनी तर सरळच सांगितलं, की उजव्या हाताने वाजवायची असेल तर वाजव, नाहीतर त्या घरी पाऊल टाकायचं नाही. दादा उजव्या हाताने प्रयत्न करायचा आणि रडकुंडीला यायचा. त्याच सुमारास न्हाव्याच्या दुकानात, एका जुन्या मासिकाच्या मागच्या पानावर, त्याला ती जाहिरात दिसली. केस अर्धे कापलेले असताना पान फाडून तो घरी पळत आला.

जाहिरातीत एक तरुण आहे. चेक्सचा शर्ट, तेलाने बसवलेले केस, दात असे की दंतमंजनाच्या जाहिरातीतही चालला असता. गळ्यात समुद्री हिरव्या रंगाची बेस, आणि ती डाव्या हाताने वाजवतोय. बेसची मान पानाच्या कोपऱ्याकडे रोखलेली, तिथे एक भलाथोरला ॲम्प, आणि वर ठळक अक्षरं: "आवाज असा, की शेजारी तक्रार विसरतील!" न्हाव्याकडे अर्ध्या डोक्याने बसलेल्या माझ्या भावाला जगात पहिल्यांदा स्वतःसारखा कुणीतरी दिसला.

त्याने ते पान बाबांपुढे धरलं. मी दारात उभी होते, मला बाबांची पाठ दिसत होती. ते पान घेऊन खिडकीपाशी उजेडात गेले. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता फाडणार. मग ते वळले आणि म्हणाले, "छापलंय खरं. छापलंय म्हणजे असणार." पान दादाच्या हातात दिलं आणि हात धुवायला गेले. त्या दिवसानंतर त्यांनी दादाच्या डाव्या हाताला कधी पट्टी लावली नाही. पण कधी कौतुकही केलं नाही. दादा सरावाला बसला की ते रेडिओ बंद करायचे आणि आतल्या खोलीत दार लोटून पडायचे. आम्ही आवाज बारीक करायचो, उगाच आणखी चिडायला नकोत.

तर ती हिरवी डावी बेस. दादाने आयुष्यभर ती शोधली. कुठल्याही दुकानात मिळाली नाही. कंपनी तोवर बुडाली होती. तिच्या उजव्या बेस पुष्कळ दिसायच्या, डावी कुणी पाहिलेलीच नाही. दादा वाजवत राहिला ती उजवी बेस उलटी धरूनच. तीही सुरुवातीला दुसऱ्याची, तारा बदलायची सोय नाही, म्हणून जाड तार खाली आणि बारीक वर, सगळा उफराटा कारभार. बघणाऱ्यांना गंमत वाटायची. त्याला नाही वाटायची. म्हणायचा, "मी उधारीच्या वाद्यावर आयुष्य काढलं गं. माझं कुठेतरी लटकलंय, बस."

पॉलिश आला तो मागच्या महिन्यात. पॉलिश हे त्याला आम्ही दिलेलं नाव. जुनी वाद्यं घेतो, पुसून चकाचक करतो आणि शौकिनांना विकतो. बोलणंही तसंच, घासूनपुसून. माणूस वाईट नाही. दादाकडून ॲम्प दुरुस्त करून नेतो, येताना माझ्यासाठी बिस्किटांचा पुडा आणतो. त्या दिवशी मात्र बिस्किटं विसरला.

"दादा, बसा आधी," तो म्हणाला.

"बसलोच आहे."

"मिळाली. डावी. हिरवी. अगदी जाहिरातीतल्यासारखी!"

दादाच्या हातातला पाना खाली पडला. मी मशीन थांबवलं.

पॉलिशला पैसे नको होते. आमच्याकडे ते नाहीत हे त्याला ठाऊक आहे. त्याला हवा होता थोरला. जाहिरातीच्या कोपऱ्यात जो ॲम्प आहे तोच हा, आणि असा चालू स्थितीतला आता कुठे उरलेला नाही. थोरला द्या, बेस घ्या. येत्या रविवारी घेऊन येतो.

"वेड लागलंय का तुला?" तो गेल्यावर मी दादाला म्हटलं. "थोरला दिलास तर हॉटेलात काय डबा बडवणार आहेस?"

"छोट्या ॲम्पवर भागवू."

"मालक भागवेल का?"

"सुईबाई," तो म्हणाला, "मला एकदा माझ्या हाताची बेस वाजवायची आहे. एकदाच. मग हॉटेल गेलं खड्ड्यात."

मी हात टेकले. त्या आठवड्यात त्याचे पाय जमिनीवर नव्हते. दाढी रोज करायचा. थोरल्याला आतून-बाहेरून पुसलं, जशी काही पाठवणीच होती. मला म्हणाला, माझा तो निळा शर्ट इस्त्री कर. मी केला. त्याचे शर्ट मीच शिवते, खिसा उजव्या छातीवर. डावखुऱ्याला डाव्या खिशातलं काढायचं म्हणजे हात मुरडावा लागतो.

शनिवारी सकाळी तो हॉटेलात सामान लावायला गेला आणि मी ती जाहिरात खाली काढली. काचेवर एवढी धूळ बसली होती, की त्या बिचाऱ्याचे दात पिवळे दिसायला लागले होते. म्हटलं, उद्या पाहुणी येणार, तर पुसावं. खिडकीत बसून ओल्या फडक्याने काच पुसली आणि इतक्या वर्षांनी ते चित्र मांडीवर घेऊन बघितलं. एरवी ते ॲम्पांच्या डोंगरापलीकडे, माझ्या डोक्याच्या दोन हात वर. तिकडे कोण बघतंय?

पहिल्यांदा दिसला खिसा. उजव्या छातीवर. मला हसू आलं. म्हटलं, अरे वा, ह्यालाही शिवणारी बहीण आहे वाटतं. मग नजर खाली गेली आणि बटणपट्टीवर अडकली.

पुरुषाच्या शर्टाची काजं डाव्या पट्टीला असतात, बटणं उजव्या. बायकांच्या ब्लाऊजला उलट. डावखुऱ्या भावासाठी खिसा इकडचा तिकडे मी करते, पण काजं बदलत नाही. कुणीच बदलत नाही. ह्याची काजं उजवीकडे होती. घड्याळ उजव्या मनगटावर. म्हटलं, ह्याने बहिणीचं ब्लाऊज घातलंय की काय? आणि हसता हसता मी उठले.

कपडे घालून बघायला पडद्यामागे मोठा आरसा आहे. मी चौकट घेऊन आरशासमोर उभी राहिले. आरशात सगळं जागच्या जागी आलं. खिसा डावीकडे, काजं डावीकडे, घड्याळ डाव्या मनगटावर. आणि तो तरुण बेस वाजवत होता उजव्या हाताने, जगातल्या बाकी सगळ्यांसारखी.

फोटो उलटा छापला होता. बेसची मान त्या कोपऱ्यातल्या ॲम्पकडे वळावी म्हणून मुद्दाम, की कुणाच्या आंधळेपणाने, कोण जाणे. बेसच्या डोक्यावरचं कंपनीचं नाव फोटोबाहेर गेलेलं, त्यामुळे ते उलटं दिसायचा प्रश्न नाही. बाकी अक्षरं नंतर सुलटी बसवलेली. डावी बेस कंपनीने कधी केलीच नव्हती. माझा भाऊ आयुष्यभर जी शोधत होता, ती नव्हतीच.

मला इतका संताप आला म्हणून सांगू. त्या कंपनीचा, त्या दात काढणाऱ्या मुडद्याचा, पॉलिशचा. मग पॉलिश उद्या काय आणणार आहे? म्हणजे कुणीतरी उजवी बेस कापून-ठोकून डावी केलेली. आणि त्या ठिगळासाठी थोरला जाणार.

चौकट मी पुन्हा भिंतीवर लावली. रात्री वाजवून झाल्यावर दादा थोरल्याला घेऊन आला तो गुणगुणतच. तोंडाशी आलेलं मी गिळलं. जेवताना म्हणाले, "दादा, ती बेस खरी असेल ना रे?"

"जाहिरातीत आहे की!" तो म्हणाला. "छापलंय म्हणजे असणार." आणि बाबांच्या आवाजाची नक्कल करून हसला. त्याला असं हसताना मी कधी पाहिलं होतं, आठवेना. म्हटलं, उद्या सांगेन. सकाळी म्हटलं, चहानंतर सांगेन. सांगायचं तर त्याच्या हातातून सगळंच काढून घ्यायचं, आणि नाही सांगायचं तर थोरला, शनिवार, हॉटेल, सगळं जाऊ द्यायचं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. चहा झाला आणि दारात पॉलिश उभा.

त्याने पेटी मशीनच्या टेबलावर ठेवली, माझी कापडं बाजूला सारून. झाकण उघडलं. काय सांगू, देखणी होती. समुद्राच्या पाण्यासारखी हिरवी, कडेला चकाकती पट्टी. दादाने ती गळ्यात घातली आणि आरशासमोर उभा राहिला. इतकी वर्षं त्याला उलट्या बेसच्या अंगाचं टोक काखेत टोचताना पाहिलंय. ही त्याच्या अंगाला अशी बसली जशी मापाने शिवली होती. त्याचे डोळे भरले. पॉलिशने तोंड फिरवलं, तेवढं त्याला कळतं.

"लाव थोरल्याला," दादा म्हणाला.

आम्ही सगळे मागच्या खोलीत गेलो. व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत थांबलो. मग दादाने सुरुवात केली आणि लगेच थांबला. पुन्हा केली. चुकली. मीसुद्धा ओळखते अशी, रोज ऐकून पाठ झालेली धून, आणि बोटं भलतीकडेच. तिसऱ्यांदा त्याने खाली बघून वाजवली, पहिलीतलं पोर अक्षर गिरवतं तशी. त्याचा चेहरा उतरला.

"जाड तार वर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे बरोबरच आहे, दादा," पॉलिश म्हणाला.

"बरोबर आहे रे. माझेच हात चुकीचे आहेत. जन्मभर खाली वाजवली."

"तारा बदलून देतो की! जाड खाली, बारीक वर."

"मग ही आणि माझी जुनी ह्यात फरक काय राहिला?" दादाने विचारलं. मग एकदम मान वर करून म्हणाला, "नाही, राहू दे. शिकेन. पहिल्यापासून शिकेन. घेऊन जा थोरल्याला."

वाकून त्याने थोरल्याची वायर काढली. ह्या वयात, ह्या बोटांनी, पहिल्यापासून! आणि तेही नसलेल्या बेससाठी. पॉलिश थोरल्याचा कान धरून उचलायला वाकला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"हात लावू नका त्याला!"

दोघे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरची चौकट काढली आणि पॉलिशच्या हातात दिली.

"ह्याच्या शर्टाची काजं कुठल्या बाजूला आहेत बघा. आणि मग स्वतःची बघा."

त्याने बघितलं. स्वतःच्या छातीवर हात फिरवला. पुन्हा बघितलं. मग चौकट घेऊन माझ्या आरशाकडे गेला. परत आला तेव्हा त्याचं सगळं पॉलिश उतरलं होतं. बेस दादाच्या गळ्यातून काढून घेतली, पालथी घातली, उलथी केली, आणि नॉबांखालची पट्टी स्क्रू काढून उघडली. आत दुसऱ्या बाजूला जुनी भोकं होती, लाकडाचे तुकडे ठोकून बुजवलेली, वरून हिरवा रंग. काम नीटनेटकं होतं, कुणीतरी जीव लावून केलेलं. ह्या चित्राला भुललेला दुसरा एखादा डावखुरा असणार.

"आईशप्पथ, दादा, मला माहीत नव्हतं," पॉलिश म्हणाला. "मी पण ह्या जाहिरातीवरूनच..."

"माहीत आहे रे," दादा म्हणाला. "जा तू."

बेस पेटीत घालून तो गेला. दादाने त्या बेसकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. तो थोरल्यावर बसला, गुडघ्यांवर हात टाकून, आणि मला वाटलं, मी माझ्या भावाला मारून टाकलं. मी त्याच्या शेजारी जुन्या खोक्यावर टेकले.

"रागावलास?"

"नाही."

"सांगायलाच हवं होतं रे. थोरला गेला असता."

"हो." मग गुडघे चोळत म्हणाला, "म्हणजे तो उजवा होता."

"हो."

"असा कुणी नव्हताच."

चौकट पॉलिशने एका खोक्यावर तशीच टाकली होती. दादाने ती घेतली, मांडीवर ठेवली, आणि काजांवरून बोट फिरवलं. काचेवर माझ्या फडक्याचे ओघळ राहिले होते.

"आणि मी बाबांना हे चित्र दाखवलं," तो म्हणाला. "खोटं चित्र दाखवून जिंकलो. बाबा फसले. बिचारे! बाबांना..."

तो बोलता बोलता थांबला. त्याचं बोट घड्याळावर थांबलं होतं.

"काय झालं?"

"सुईबाई, बाबा खिडकीपाशी गेले होते, तुला आठवतं?"

"मला पाठच दिसली त्यांची."

"मला समोरून दिसत होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं होतं. छापखान्यातलं, ते निगेटिव्ह तपासायचं. ते डोळ्याला लावून त्यांनी हे चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, कागद तपासतायत."

मी दादाकडे बघितलं, दादा माझ्याकडे. पुढाऱ्याचा भांग इकडचा तिकडे झाला तर ज्यांना घास गोड लागत नसे, त्या माणसाने भिंग लावून ही काजं बघितली होती. हा खिसा. हे घड्याळ. त्यांना न दिसणं शक्यच नव्हतं. एका शब्दात माझ्या भावाचं चित्र फाडता आलं असतं त्यांना.

"छापलंय म्हणजे असणार," दादा हळूच म्हणाला. ह्या वेळी नक्कल केली नाही.

मला रडूच फुटलं. दुःखाने की रागाने, मला सांगता येणार नाही. "एवढं होतं तर सरळ सांगायचं की, बाबा! वाजव म्हणायचं! जिवंत होते तोवर एकदा तरी म्हणायचं!" मी त्या भिंतीवर ओरडले, जसे काही ते तिथे उभे होते. "एकदा तरी ऐकायला यायचं!"

दादाने चौकट जागेवर लावली. थोरल्याची वायर पुन्हा जोडली, कोपऱ्यातली त्याची जुनी बेस उलटी गळ्यात घातली आणि व्हॉल्व्ह तापायची वाट बघत उभा राहिला.

"ते रेडिओ बंद करायचे," तो म्हणाला.

"तो तर रागाने."

"रागाने कोण म्हणालं? आपणच म्हणालो. तू आणि मी." त्याने जाड तारेवर अंगठा ठेवला. "मी वाजवायला लागलो की ते रेडिओ बंद करून आत जाऊन पडायचे, सुईबाई. आतल्या खोलीची भिंत ह्या भिंतीला लागून आहे."

मग त्याने ती रोजची धून वाजवली, न चुकता, आणि आवाज बारीक केला नाही. मी खुर्ची ओढून थोरल्याच्या मागे बसले आणि पाय शेकले.